कुलाब्याच्या काठाने: शाळा, छापखाना, मूर्ती आणि पडदा

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी लागते. मुंबईकर पर्यटकाला हे गाव ठाऊक असते ते किनाऱ्यासाठी. मराठी भाषेच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान फार मोठे आहे. इथल्या शिलाहारकालीन शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आणि डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी हा मराठीतला आद्य शिलालेख असल्याचे मत मांडले. कालनिर्णयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही खाली दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा, मराठी ताम्रपट जमेस धरला, तर आपली भाषा लिहिती झाली त्या पहिल्या जागांमध्ये हा किनारा येतो यात शंका उरत नाही. त्या काळच्या दानलेखांवर सूर्य-चंद्र आणि गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्यासाठीचे शापचित्र, कोरण्याची पद्धत होती. अक्षरे वाचू शकणारे मोजके होते. बाकीच्यांना दान मोडण्याचा शाप चित्रातून समजायचा. वाचणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ, ही घडी पुढे शतकानुशतके तशीच राहिली.

ही घडी कशी मोडली, कोणी मोडली आणि अजून कुठे शाबूत आहे, हे मला या आढाव्यात पाहायचे आहे. तेव्हाचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड झाला. त्याच्या किनारपट्टीवर उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि सावित्रीच्या खाडीने समुद्राशी जोडलेले महाड येते. या पट्ट्यात शाळेत कोण बसणार, पुस्तक कोण लिहिणार, मूर्ती कोण घडवणार आणि पडद्यावर कोण दिसणार हे जातीने ठरवले, जमिनीने ठरवले आणि मुंबईच्या जवळिकीनेही ठरवले. जिथे ज्याच्याबद्दल लिहिले जायचे तो स्वतः लिहायला लागला, तिथे खरे काम उभे राहिले, असे माझे मत आहे.

सुरुवात दासगावपासून करतो. सावित्रीच्या खाडीवरचे हे एकेकाळचे बंदर. या परिसरातील महार समाजाचे अनेक लोक इंग्रजांच्या फौजेत होते. गावच्या शाळेने ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांना आणि त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळांनी अक्षरओळख दिली. पेन्शन घेऊन परतलेला हा शिकलेला माणूस गावच्या जुन्या चौकटीत मावणारा नव्हता. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यापैकीच एक. १८८६ मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्माधिकाऱ्यांना अस्पृश्यतेबद्दल जाब विचारला. या काठावरच्या आधुनिक गद्याचा विचार करताना हे पुस्तक आपल्याकडे नेहमी मागे राहते. माझ्या दृष्टीने ते पहिल्या रांगेतले आहे.

त्याच मातीतले कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे. १९०३ चा जन्म. स्कॉलरशिपच्या परीक्षेत यश मिळवलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रात तक्रारीचे पत्र छापून आले, तेव्हा प्रवेश मिळाला, पण बसायचे वर्गाबाहेर, खिडकीपाशी. एक छापील पत्र शाळेचे दार किलकिले करू शकते, हे त्या मुलाने कोवळ्या वयात अनुभवले. पुढे १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तिच्या जुळवाजुळवीत मोरे आघाडीवर होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, तरी पाण्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ उजाडले. मोरे यांच्या आठवणी त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पुस्तकरूपाने मराठीत आणल्या. जिल्ह्यातल्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा असेल, तर संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांच्या आधी हे पुस्तक वाचावे.

याच भूमीने पेण तालुक्यातील गागोद्यात विनोबा भावे (१८९५) आणि महाडजवळच्या नाते गावात चिंतामणराव देशमुख (१८९६) दिले. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या दोघांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्यांच्या आणि मोऱ्यांच्या जन्मात दहा वर्षांचेही अंतर नाही. एकाच जिल्ह्यातल्या बुद्धिमान मुलांपैकी कोणासाठी वर्गात बाक होता आणि कोणासाठी खिडकी, हा फरक समाजाने केला होता.

उत्तरेकडे, अलिबाग-पेणच्या खारपाट्यात प्रश्न जमिनीचा होता. खाडीला बांध घालून, उघाड्या सांभाळून, खाऱ्या चिखलातून भाताची शेते उभी केली आगरी कुळांनी, आणि पिकावर पहिला हात खोताचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न कसण्याचा निर्णय केला. हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. स्वतःचीच शेते ओसाड ठेवून माणसे लाकूडफाटा विकून जगली, पण फुटली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला, १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा विधिमंडळावर गेला.

या संपाचे वाङ्मयीन अपत्य म्हणजे ‘कृषीवल’. १९३७ मध्ये नारायण नागूंनी हे पत्र काढले. मोठ्या शहरातल्या वर्तमानपत्राने आपली बाजू मांडावी म्हणून वाट पाहत न बसता कुळांच्या पुढाऱ्याने स्वतःचे पत्र काढले, ही गोष्ट मला चरीच्या संपाइतकीच मोठी वाटते. पेपर निघाला की वाचणारा लागतो, वाचणारा हवा तर शाळा लागते. पुढच्या काळात शेतकरी कामगार पक्षाच्या दत्ता पाटील, प्रभाकर पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या नावाशी इथल्या शाळा-महाविद्यालयांची नावे जोडली गेली, त्याचे मूळ या चळवळीत आहे. खारपाट्यात शिक्षण आले ते जमिनीच्या लढ्याचा हात धरून.

शाळेबाहेरचे शिक्षणही विसरून चालणार नाही. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या श्रीबैठकीतून ‘दासबोध’ आगरी-कोळ्यांच्या घराघरांत पोचला. रोह्याला जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्यायाने कोळीवाड्यांत ‘मत्स्यगंधा’ नावाच्या सामाईक होड्या उभ्या केल्या. या चळवळींच्या विचारांशी वाद घालता येईल, पण शाळेने जिला कधी पाटी दिली नाही अशा बाईला रोज ओवीबद्ध ग्रंथ ऐकायला, समजून घ्यायला बसवले, हे काम इथल्या साक्षरतेच्या इतिहासात नोंदवलेच पाहिजे.

आता बेने इस्रायल समाजाकडे वळतो, कारण कला आणि सिनेमाकडे जाणारी वाट तिथूनही जाते. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पेणकर, चेऊलकर, किहीमचे केहीमकर, दिवेकर, रोहेकर: त्यांच्या आडनावांतून हा किनारा फिरून येता येतो. मिशनऱ्यांच्या शाळांतून ते हिब्रू आणि इंग्रजी शिकले, पण धर्म समजून घेतला मराठीतून. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हगादा पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत सणाची भाकर करणाऱ्या बायका आपल्याकडच्या बायकांसारख्या जमिनीवर बसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास या समाजाने कीर्तनही आपलेसे केले आणि मोशे, योसेफ, दावीद यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या घाटात रंगू लागली. हैम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली.

तेलाच्या घाण्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून रंगभूमीपर्यंतचा हा प्रवास थोड्या पिढ्यांत झाला. जोसेफ डेव्हिड पेणकर पारशी रंगभूमीचे नाटककार झाले, आणि १९३१ चा भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्याच नाटकावर बेतलेला होता. पेणकर हे आडनाव मिरवणाऱ्या माणसाच्या नाटकातून आपला सिनेमा बोलू लागला, हे पेणमधल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल? डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधला जॉन चाचा, याच समाजातले. मात्र सिनेमात गेलेल्या या माणसांनी चौल किंवा पेण पडद्यावर आणले नाही. त्यांना रोजगार देणारी मुंबई होती, तिच्या स्टुडिओंत हिंदी चालत होती आणि प्रेक्षक सगळ्या देशाचा होता. मुरूडला जन्मलेल्या नाना पाटेकरांची वाटही जे.जे. कलासंस्थेतून मुंबईच्या पडद्याकडेच गेली.

किनारा पडद्यावर आला तो परक्या नजरेतून. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच्यावर १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी ‘परदेसी’ केला. निकितिनचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. ‘अग्निपथ’ (१९९०) मधला मांडवा घ्या. नायकाचा बाप गावचा मास्तर, तस्करांना विरोध करतो म्हणून मारला जातो. कल्पना उत्तम होती, पण मांडवा त्या चित्रपटात नावापुरताच आला. २०१२ च्या नव्या आवृत्तीत तर मांडव्याचे चित्रण दीवला झाले. श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, तेव्हापासून हिंदी सिनेमासाठी हा काठ म्हणजे रात्रीची उतरणी.

याला सन्मान्य अपवाद आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये केलेला ‘जैत रे जैत’ कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांना आदराने पाहतो. श्याम बेनेगल यांनी १९९१ मध्ये स्वाध्यायावर ‘अंतर्नाद’ केला. दोन्ही चित्रपट मला मोलाचे वाटतात. पण ठाकराने किंवा कोळ्याने स्वतः घेतलेला कॅमेरा तिथे नाही. चरीच्या संपावर तर गाजलेला असा एकही मराठी चित्रपट नाही. सहा वर्षांचा संप आणि विधिमंडळावरचा मोर्चा: कथेला आणखी काय हवे?

मूर्तिकलेत मात्र गोष्ट वेगळी घडली. पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथले कारखाने वर्षभर गणपती घडवतात. माती मळणे, साच्यातून काढणे, जोड पुसणे, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात वेगळा, त्याचा मान वेगळा, आणि या कामात बायकांचा वाटा फार मोठा. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी शाडू की प्लास्टर या वादात कारागीर वर्षानुवर्षे टांगणीला लागला आहे. पर्यावरणाचा आग्रह योग्यच आहे. त्याचा खर्च मात्र एकट्या कारागिराने सोसायचा, हे मला मान्य नाही.

गणपती घडवण्याच्या याच परंपरेतून विनायक पांडुरंग करमरकर आले. १८९१ मध्ये अलिबाग तालुक्यातील सासवणे गावी जन्म. घरी गणपती करायचे. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी या मुलाला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता, १९२० मध्ये लंडन, आणि १९२८ मध्ये पुण्यातला शिवाजी महाराजांचा एकसंध ओतलेला अश्वारूढ पुतळा. या यशानंतर करमरकर सासवण्याला परतले, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यात आहे. तिथे त्यांनी राजे-महाराजे बाजूला ठेवून गावची माणसे, कोळीण, म्हैस, कुत्रा असे विषय घेतले आणि सिमेंटसारख्या साध्या माध्यमात जिवंत केले. त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराचे संग्रहालय झाले आहे. मांडव्याच्या जेटीला उतरून थेट किनाऱ्याकडे धावणाऱ्या गाड्या त्याच्या जवळूनच जातात.

सगळ्यात मोठे नुकसान भाषेचे होत आहे. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण हळदीपासून पाठवणीपर्यंतचा विधी गाण्यातून चालवायची. आता हळदीला डीजे असतो. आगरी-कोळी गाण्यांनी यूट्यूबवर मोठा प्रेक्षक मिळवला, याचा मला आनंद आहे, कारण तिथे कर्ता घरचा आहे. पण धवला त्या बाजारात बसत नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज गेल्यानंतर पावणेतीनशे वर्षे टिकलेली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आज हजाराच्या आतबाहेर माणसे बोलतात. तिचा सविस्तर अभ्यास जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने केला. उरण-पनवेलची जमीन नवी मुंबईसाठी गेली, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात गेली, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मिठागरे गेली, तशी त्या कामाची शब्दसंपत्तीही चालली आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांना माझी विनंती आहे. या दिवाळीच्या सुटीत विद्यार्थ्यांना आपापल्या गावातल्या धवलारणीकडे, मिठागरात काम केलेल्या आजोबांकडे, आखणी करणाऱ्या बाईकडे पाठवा. मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, गावाचे नाव आणि तारीख घालून ग्रंथालयात ठेवा आणि ज्यांचे आहे त्यांना त्याची प्रत द्या. पैसे लागत नाहीत, परवानगी लागते ती फक्त बोलणाऱ्याची. सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी व्हायला हवे.