शोध शोधनिबंधांचा

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधन अहवाल लिहिताना पहिली अडचण येते ती संदर्भांची. महाजालावर माहितीला तोटा नाही. तिच्यातील ग्राह्य कोणती, हे ठरविणे मात्र कठीण असते. नियतकालिकाने छापण्यापूर्वी त्या विषयातील अन्य तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला शोधनिबंध हा अशा अहवालाचा मुख्य आधार मानला जातो. तो शोधण्याची एक निश्चित रीत आहे.

उदाहरणार्थ, ‘आत्मसंयम आणि शालेय यश’ हा विषय घेऊ. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग सर्वांना ठाऊक असतो. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबणाऱ्या मुलाला पुढे दुप्पट खाऊ मिळे. मात्र केवळ ‘मार्शमॅलो’ हा शब्द घेऊन शोध घेतल्यास वृत्तपत्रीय लेख आणि पालकांना उपदेश करणारे मजकूरच अधिक हाती लागतात. संशोधकांची संज्ञा ‘डिले ऑफ ग्रॅटिफिकेशन’ अशी आहे. ती अवतरणचिन्हांत लिहिली की चित्र पालटते. म्हणून शोधाची पहिली पायरी म्हणजे विषयाची पारिभाषिक संज्ञा पाठ्यपुस्तकातून टिपून घेणे.

कोठे शोधावे?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची ‘सायकइन्फो’ ही या विषयाची प्रमुख सूची होय; परंतु तिला वर्गणी लागते. वैद्यकाशी निगडित विषयांसाठी ‘पबमेड’ आणि सर्वसाधारण शोधासाठी २००४ मध्ये सुरू झालेले ‘गुगल स्कॉलर’ विनामूल्य आहेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘शोधगंगा’ या भांडारात वाचता येतात. भारतीय मुलांवरील काम पाहण्यासाठी ते विशेष उपयुक्त ठरते.

एक चांगला निबंध हाती आला की त्यावरून दोन वाटा फुटतात. त्याच्या शेवटच्या संदर्भसूचीतून मागचे संशोधन कळते. तर त्याचा उल्लेख पुढे कोणी केला, हे गुगल स्कॉलरवर पाहिल्यास नंतरचे. ही दुसरी वाट अनेक विद्यार्थी धरीत नाहीत आणि तेथेच घात होतो. शोडा, मिशेल आणि पीक यांच्या १९९० च्या निबंधात लहानपणीचा संयम व पुढील गुणवत्ता यांचा संबंध दाखविला होता. पण त्यातील मुले स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील होती. वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा हा संबंध सुमारे निम्माच आढळला. कौटुंबिक पार्श्वभूमी, घरचे वातावरण आदी घटक जमेस धरता त्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळून पडला. केवळ जुना निबंध वाचणारा विद्यार्थी जे निर्विवाद समजेल, त्यावर एव्हाना मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे.

मूळ निबंध स्वतः वाचणे हेही तितकेच महत्त्वाचे. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये ‘लिटल अल्बर्ट’ या बालकावर केलेल्या प्रयोगाचे वर्णन पुस्तकागणिक कसे बदलत गेले, हे बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. बालकाची भीती शेवटी घालविली गेली, असेही काही पुस्तकांनी लिहिले होते. प्रत्यक्षात तसे घडले नव्हते.

निबंध मिळत नसेल तर?

पूर्ण निबंधासाठी पैसे भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना विचारावे. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. लेखकाने स्वतः विनामूल्य ठेवलेली प्रत अनेकदा सापडते. विनंतीचा ई-मेल केल्यास लेखक ती पाठवितातही. ‘सायआर्काइव्ह’वरील हस्तलिखितांचे तज्ज्ञ-परीक्षण झालेले असेलच असे नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहणे इष्ट. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेले निबंध खऱ्या लेखकांच्या नावावर सांगतात. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक तपासावा, निबंध मागे घेतला गेलेला नाही याची खात्री करावी आणि जे वाचले तेच सूचीत लिहावे.

मानसशास्त्राचे निष्कर्ष अखेर शाळा, समुपदेशन केंद्रे आणि घरोघरचे पालक यांच्यापर्यंत पोहोचतात. अधीर मुलाच्या कपाळी अपयशाचा शिक्का मारण्याआधी त्यामागचा पुरावा कितपत भक्कम आहे, हे तपासण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागावी, यासाठी हा खटाटोप.