बंद पडलेल्या संगणकाची नाडीपरीक्षा

शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. कार्यालये नुकती उघडत होती आणि त्याच सुमारास जगभरातील लक्षावधी संगणकांचे पडदे निळे होऊ लागले. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, तर काही क्षणांत तोच निळा पडदा. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. एकट्या इंडिगोला जवळपास २०० उड्डाणे रद्द करावी लागली. भारतीय बँकिंग क्षेत्र मात्र बचावले. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ स्वरूपाचा अडथळा आला.

या अनर्थाचे मूळ पाहता पाहता हसू यावे इतके क्षुल्लक होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी फाइल धाडली. तिच्यातील नियमांना २१ रकाने अपेक्षित होते, प्रत्यक्ष कार्यप्रणालीकडून २०च पुरविले जात होते. एकविसाव्याच्या शोधात ती नको त्या जागी डोकावली आणि विंडोज कोसळले. ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेण्यात आली; पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक तिने गाठले होते. जे संगणक धड उभेच राहत नव्हते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? बहुसंख्य ठिकाणी तंत्रज्ञाला प्रत्येक यंत्रासमोर बसून, ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल हाताने पुसावी लागली.

ज्या नगरीत अशा कार्यप्रणाली लिहिल्या जातात, ती बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी. आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून, कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ महामंडळाने १९७८ मध्ये होसूर रस्त्यालगतच्या कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांतील ३३२ एकर जमिनीवर तिची पायाभरणी केली. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालयही येथेच आहे. साहजिकच या परिसरात मराठी कुटुंबे पुष्कळ. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालयच घरातील टेबलावर आले आणि घरचा संगणक ही चैनीची वस्तू राहिली नाही. मुलांचा अभ्यास, छायाचित्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, सारे काही त्यात. (सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जावयाला संगणक दुरुस्तही करता येतो, हा सासुरवाडीचा गोड गैरसमज, प्रत्यक्षात ही दोन सर्वस्वी भिन्न शास्त्रे आहेत.)

क्राउडस्ट्राइकची प्रणाली आस्थापनांसाठी असल्यामुळे घरगुती संगणक त्या दिवशी वाचले. तथापि, त्या ८५ लाख यंत्रांना ज्या रीतीने उठविले गेले, तीच रीत घरच्या संगणकालाही लागू पडते. तो नेमका कोठे अडखळतो हे पाहावे, शेवटी बदललेली गोष्ट बाजूला करावी आणि सरसकट पुसून टाकण्याची घाई करू नये.

संगणक सुरू होताना ठरावीक पायऱ्या चढतो. प्रथम वीज येते, मग तो स्वतःचे अवयव तपासतो, त्यानंतर डिस्क शोधतो, तीवरून विंडोज उचलतो आणि शेवटी आपले नाव व संकेतशब्द विचारतो. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर दोष विजेकडे. अशा वेळी विंडोजला दूषणे देण्यात अर्थ नसतो. भिंतीवरील बटण, यूपीएसची बॅटरी, डेस्कटॉपच्या मागील बाजूचे छोटे बटण यांपैकी काहीतरी गुन्हेगार निघते. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. साठलेला विद्युतभार निघून जातो आणि पुष्कळदा तेवढेच पुरते. एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूला वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो. त्या काळात केवळ विजेचा प्लग काढून भागत नाही. ब्रॉडबँडच्या तारेतूनही विजेचा झटका आत शिरू शकतो, म्हणून तीही काढावी.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून शिट्टीसारखे आवाज येतात, तर बहुधा रॅम आपल्या खाचेत नीट बसलेली नसते. वीजपुरवठा तोडून ती काढणे, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसणे व पुन्हा घट्ट बसविणे हा भारतीय कारागिरांचा जुना उपाय आजही गुण देतो. संगणक सुरू होतो, पण अर्ध्या तासात आपोआप मालवतो, अशी तक्रार असल्यास पंख्यावरील धूळ पाहावी. अतितापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठीच बंद होतो. घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली आहे. या बिघाडाचा एक विलक्षण परिणाम बँकेच्या ग्राहकांना जाणवतो, तो म्हणजे नेट बँकिंगचे पान उघडेनासे होते. तारीखच चुकीची असल्याने ब्राउझरला बँकेचे सुरक्षा-प्रमाणपत्र अवैध वाटते. बँकेकडे तक्रार नोंदविण्यापूर्वी कोपऱ्यातील तारीख पाहणे इष्ट.

डिस्क सापडत नाही असा संदेश आल्यास आधी विसरलेला पेनड्राइव्ह काढून पाहावा. विंडोजचे चिन्ह दिसून नंतर निळा पडदा येत असेल, तर नव्याने जोडलेले प्रत्येक उपकरण काढावे. एप्रिल १९९८ मध्ये खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर असताना, स्कॅनर जोडताच विंडोज ९८ सर्वांसमक्ष कोसळले होते. (आता तो पडदा निळाच असेल असेही नाही, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये तो काळा केला.) एवढ्यानेही न भागल्यास, विंडोज उठू लागताच बटण दाबून धरून ते बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचे पान आपोआप उघडते. तेथे ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून सेफ मोड निवडता येतो. या अवस्थेत विंडोज अत्यावश्यक तेवढेच सोबत घेऊन उठते. येथे ते सुरळीत चालले, तर यंत्र निरोगी असून दोष नव्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा आहे, हे जवळजवळ निश्चित होते. तो काढून टाकावा.

उलट डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास सर्व प्रयोग तत्काळ थांबवावेत. प्रत्येक नवा प्रयत्न उरलेसुरले नष्ट करतो. ती डिस्क पुन्हा सुरू न करता माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी. डिस्क शाबूत पण विंडोज निकामी, अशी स्थिती असल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली दुसरीकडे उतरविता येतात. ‘रिसेट’ हा उपाय त्यानंतरचा.

मात्र येथे एक कुलूप आडवे येते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमधील डिस्क ‘बिटलॉकर’ पद्धतीने सांकेतिक केलेली असते आणि दुरुस्तीच्या वेळी पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. जुलै २०२४ मध्ये कित्येक आस्थापनांची दुरुस्ती याच किल्लीपाशी खोळंबली होती. घरगुती वापरात ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. संगणक धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावी. ती हरवली, तर मायक्रोसॉफ्टलाही ती माहिती उघडून देता येत नाही.

संगणक बिघडला, की घाबरलेला मनुष्य इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो आणि ठग नेमकी त्याचीच वाट पाहत असतात. विंडोजच्या खऱ्या निळ्या पडद्यावर दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. असल्यास तो पडदाच बनावट. ‘एनीडेस्क’सारखे दूरस्थ ताबा देणारे साधन वापरून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. असा ताबा दिला गेलाच, तर इंटरनेटची जोडणी तत्क्षणी तोडावी, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नवा सुटा भाग हवा असल्यास इलेक्ट्रॉनिक सिटीतील जाणकारांची पावले आजही जुन्या बंगळुरूतील एस. पी. रोडकडे वळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून होसूर रस्त्यावरील वाहतुकीच्या खोळंब्यात अडकल्याखेरीज शहर गाठता येते. तेथे डिस्क बदलून घेतली, तर जुनी डिस्क, ती कितीही निकामी दिसो, मागून परत घ्यावी. संकेतशब्द, विवरणपत्रे आणि छायाचित्रे अजून तिच्यातच असतात.