वैतरणेच्या पुलावरचा बायस्कोप

बोईसरहून मुंबईकडे जाताना पालघर, केळवे रोड, सफाळे मागे पडलं की मी खिडकीशी सरसावून बसतो. वैतरणेचा पूल येतो. पुलाचे लोखंडी खांब सपासप मागे पळतात आणि खाडीतली एखादी होडी या फटीत, मग पुढच्या फटीत दिसत राहते. थोड्या वेळाने मधले खांब जणू विरघळतात, उरते ती फक्त होडी. वर्षानुवर्षं हे पाहत आलो. पण सिनेमाचं मूळ याच गमतीत आहे, हे कळायला नातीचं पुठ्ठ्याचं खेळणं यावं लागलं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला ‘झोएट्रोप’ करायचा होता. पुठ्ठ्याचा गोल डबा, त्याला बारा उभ्या फटी आणि आत चित्रांची पट्टी. इंग्लंडच्या विल्यम हॉर्नरने १८३४ मध्ये ही युक्ती मांडली. फटी नसल्या तर फिरणारी चित्रं एकमेकांत मिसळून नुसता राखाडी पट्टा दिसतो. फट एकेक चित्र क्षणभरच दाखवते, मध्ये अंधार पडतो आणि दोन चित्रांमधली हालचाल आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणजे बघणाऱ्याचाही त्यात अर्धा वाटा!

तिला धावता घोडा काढायचा होता. चार दिवस घोडा लंगडतच राहिला. शेवटी तिनेच वारली माणसं काढली. ती तर आमच्या भागातली घरचीच. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली. दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय. प्रत्येक चित्रात पाय आधीपेक्षा जरासा वर. केक सजवायच्या फिरत्या थाळीवर डबा ठेवून तिने गरकन फिरवला आणि ओरडली, “आबा, नाचतायत!” खरंच नाचत होती. तारपा तेवढा ऐकू यायचा बाकी होता.

मग तिने तक्ता लिहायला घेतला. हॉर्नर, बेल्जियमचा प्लॅटो, फ्रान्सचा रेनो, ल्युमिए बंधू. पेन थांबलं. “आबा, आपलं कोणीच नाही?”

आहे ना, आणि तेही शेजारच्या कल्याणचं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर आम्ही आणि कल्याणकर एकाच ठाणे जिल्ह्यातले. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली. शांबरी म्हणजे मायाविद्या. नाव ‘मॅजिक लँटर्न’चं. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर टाकायची. एकाहून अधिक दिव्यांतून चित्रावर चित्र आणलं की पात्रं हलल्यासारखी वाटत. निवेदन आणि संगीताची साथ असे, मुलगेही मदतीला असत. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलत्‌चित्रं दिसली ती ७ जुलै १८९६ ला, म्हणजे चार वर्षांनंतर.

उगाच ‘सिनेमाचा शोध आम्हीच लावला’ अशी दवंडी पिटायला मी तयार नाही. मुळात दिवा युरोपातलाच, सतराव्या शतकातला. पण गंमत पाहा, त्याच १८९२ मध्ये, २८ ऑक्टोबरला, पॅरिसमध्ये एमिल रेनो हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर हलवून दाखवत होता. त्याच्या एका खेळात पाचशे चित्रं होती! पुढे सिनेमाने त्याचं गिऱ्हाईक पळवलं, आणि खचलेल्या रेनोने आपली बहुतेक चित्रं सीन नदीत फेकून दिली. पटवर्धनांच्या घरच्यांनी मात्र काचा जपल्या. काच जपणं किती कठीण, हे ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना सांगायला नको.

आणि दादासाहेब फाळके? ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर येण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ दिवसागणिक थोडीथोडी टिपली. कित्येक दिवसांची वाढ मिनिटाभरात! थांबून थांबून एकेक चित्र टिपायचं, ही तर ॲनिमेशनचीच रीत.

तक्त्यावर दोन नावं वाढली. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक त्यापाशी थबकले. “कल्याण? म्हणजे आपलं कल्याण जंक्शन?”

नातीने मान डोलावली आणि थाळी पुन्हा फिरवली.