कॉलेज निवडताय? आधी वॉर्ड पाहा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या जाहिरातींचे फलक लागतात. ‘शंभर टक्के नोकरी’ हे त्यांतलं सर्वांत मोठं अक्षर. सीईटीनंतर कॉलेजांचे पर्याय भरायची घाई सुरू होते आणि घरोघरी एकच चर्चा रंगते : एएनएम, जीएनएम की बी.एस्सी.?

दोन वर्षं, तीन वर्षं, चार वर्षं हे गणित बहुतेकांना पाठ असतं. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलींनाही जीएनएम करता येतं आणि पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ने पदवी मिळते, हे मात्र अनेक पालकांना कुणी सांगतच नाही.

पण कोर्सइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. या संस्थेचं रुग्णालय कुठे आहे?

फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, तेव्हा विद्यार्थिनी होत्या फक्त पंधरा. त्या रुग्णालयातच राहायच्या आणि वर्षभर वॉर्डात काम करत शिकायच्या. भारतीय परिचर्या परिषदेचे निकषही त्याच वाटेने जातात : स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. निकष कागदावर राहिले आणि दहा मुली एकाच रुग्णाभोवती उभ्या राहिल्या, तर सलाइन लावायला हात कुणाचा पुढे येणार? अशी मुलगी परीक्षा पास होईल. रात्रपाळीत एकटी पडली की घाबरेल, आणि त्यात तिचा काहीच दोष नसेल.

पॅरामेडिकलमध्ये तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. डायलिसिस टेक्निशियनचंच काम पाहा. रुग्णाचं रक्त सुमारे चार तास शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरत असतं. नळ्यांमधला दाब, रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपरिन, आरओच्या पाण्याची शुद्धता, अचानक उतरणारं बीपी या सगळ्यांवर टेक्निशियनला एकाच वेळी नजर ठेवावी लागते. हे सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रात कसं शिकून होणार? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी पदवीत इंटर्नशिप आहे ती याचसाठी. या व्यवसायांसाठी देशपातळीवर कायदा व्हायला 2021 उजाडलं. त्यामुळे प्रवेशाआधी विद्यापीठाची संलग्नता आणि संबंधित परिषदेकडे होणारी नोंदणी दोन्ही तपासलेली बरी.

पगाराचं चित्र दोन टोकांचं आहे. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होतं. जीएनएम झालेल्यांनाही तिथे अर्ज करता येतो. मात्र किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. दुसरीकडे, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 2016 मध्येच केली. अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये ती अजून पाळली जात नाही. हा उघड अन्याय आहे आणि राज्य सरकारने तो थांबवायला हवा.

पालकांनी एक करावं. फी भरण्याआधी मुलीला घेऊन संस्थेच्या रुग्णालयात जावं, किती खाटा भरलेल्या आहेत ते पाहावं आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना विचारावं : तुम्ही स्वतः किती बाळंतपणं केलीत? त्यांना आकडा सांगता आला नाही, तर तिथे प्रवेश घेऊ नका.