तक्रार एक, कारणे दोन

एक आजोबा माझ्या दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. हिला ज्या गोळीनं गुण आला, तीच मलाही लिहून द्या."

तक्रार दोघांची एकच. कारण मात्र वेगळे. आजींचे मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावत होते. गोळीने ते शांत झाले. आजोबांची वाट वाढलेल्या प्रोस्टेटने अडवली होती. सोनोग्राफीत लघवीनंतरही ३०० मिलिलिटर उरलेली दिसली. आजींच्या गोळीने त्यांची लघवी पार तुंबली असती!

म्हणून सांगतो, औषध उसने घेऊ नका. तीन दिवस वहीत लिहा : पाणी किती प्यालात, लघवी केव्हा आणि मापाने किती झाली. संकोच न करता ती वही डॉक्टरांना दाखवा. तुमच्या निदानाची सुरुवात तिथूनच होते.