गर्भाशयातली गाठ आणि ओकामोटोबाईंची गोळी

पुसदहून एका भगिनीने विचारलं आहे : ‘वय ३६. पाळीत अंगावरून फार जातं, चालताना दम लागतो. सोनोग्राफीत पिशवीला ४ सेंटिमीटरची गाठ निघाली. पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल, असं सगळे सांगतात. खरं का?’

आधी कॅन्सरची भीती बाजूला ठेवू. अशी गाठ, म्हणजे फायब्रॉइड, गर्भाशयाच्या स्नायूतल्या एकाच पेशीपासून वाढते. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११ साली अशा गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के गाठींत एमईडी१२ या एकाच जनुकात बिघाड सापडला. ही गाठ म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी नव्हे. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर होतो, पण तो फार विरळा. अमेरिकेतल्या एका पाहणीत तर पन्नाशीपर्यंत दर दहा स्त्रियांतल्या सात-आठ जणींना गाठी आढळल्या. कित्येकींना त्याचा पत्ताही नव्हता. पाळी कायमची थांबली की बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात, कारण त्यांना पोसणारी संप्रेरकं कमी होतात.

त्रास किती होणार हे गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अधिक ठरतं. बाहेरच्या अंगाने वाढलेली मोठी गाठ वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ मात्र पाळीचे हाल करते. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘४ सेंटिमीटर’ वाचून काही ठरवता येत नाही.

दम का लागतो, ते साध्या हिशेबाने कळतं. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत १५० मिलिलिटर रक्त गेलं तर ७५ मिलिग्रॅम लोह गेलं. आपलं आतडं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतं, म्हणजे महिन्याला फार तर ६०. तूट दर महिन्याला साचत जाते. अशा बाईला ‘कामाचा कंटाळा करते’ असं घरात ऐकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

हे रक्त थोपवणारी एक स्वस्त गोळी आहे, ट्रानेक्सॅमिक ॲसिड. ती शोधणाऱ्या उताको ओकामोटो यांचं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये उताको आणि त्यांचे पती शोसुके यांनी संशोधनासाठी रक्त हा विषय निवडला. कमी पडलं तर स्वतःचंच काढता येईल, हा विचार त्यामागे होता. तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून उताको प्रयोगशाळेत उभ्या राहत. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, ते थांबवायचं, हा त्यांचा ध्यास. १९६२ साली त्यांनी हे औषध जाहीर केलं.

ते चालतं कसं? रक्ताची गुठळी म्हणजे ओढ्यावर घातलेला मातीचा बांध समजा. शरीरातलं प्लाझमिन नावाचं विकर हा बांध पोखरत असतं. ओकामोटोंचं औषध त्याची पकडच बसू देत नाही. बांध टिकतो, रक्त आवरतं.

पण जपानमधल्या कोबे शहरातल्या प्रसूतितज्ज्ञांना बाळंतपणात हे औषध तपासून पाहायला उताको राजी करू शकल्या नाहीत. ती चाचणी व्हायला अर्धशतक लागलं. २१ देशांतल्या वीस हजार स्त्रियांवरच्या त्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला : औषध वेळेत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात. उताकोबाई त्याच्या आदल्याच वर्षी, ९८व्या वर्षी वारल्या होत्या.

पाळीत जास्त जाण्यावर मात्र ही गोळी कधीपासून वापरात आहे. ती गाठ विरघळवत नाही, फक्त रक्त कमी करते, आणि तेही रक्त जाण्याच्या दिवसांत घेतली तर. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांनी ती घेऊ नये, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मग पिशवी काढण्याची एवढी घाई कशाला? बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहांमागे एकीची. कुणाला गाठ, कुणाला पांढरं जाणं, कुणाला नुसतं पोटदुखणं. फडात पाळीची अडचण नको, खाडा झाला तर मुकादमाचा दंड बसतो, हेही त्यामागे होतंच. पुसद-उमरखेडच्या तांड्यांवरूनही जोडपी तोडीला जातात, त्यामुळे हा प्रश्न बीडपुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर तरुण वयातच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात.

काही जणींना पिशवी काढणं खरोखर गरजेचं असतं, आणि त्यांना त्याने मोठा आराम पडतो. पण ३६व्या वर्षी त्याआधी बरंच काही करून पाहता येतं : लोहाच्या गोळ्या, ट्रानेक्सॅमिक, संप्रेरक सोडणारी तांबी, नाहीतर दुर्बिणीतून फक्त गाठ काढणं. ताई, आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. गाठ पोकळीत आहे, स्नायूत आहे की बाहेरच्या अंगाला, हे डॉक्टरांकडून रिपोर्टवर लिहून घ्या. आणि संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तो कागद घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत विचारा.