हौशी प्रक्षेपक आणि घरगुती रेडिओतील व्यत्यय

शिरूर व दौंड पुण्यापासून दूर असल्याने 1953 साली सुरू झालेल्या पुणे आकाशवाणीच्या मध्यम लहरी तेथे क्षीण होऊन पोहोचतात. अशा ठिकाणी शेजारी हौशी प्रक्षेपक असला आणि रेडिओत परका आवाज शिरला, की दोष प्रक्षेपकाच्या माथी येतो. हा आरोप नेहमीच न्याय्य नसतो. 7 मेगाहर्ट्झच्या पटीतील लहरी 14, 21, 28 अशा वरच चढत जातात. पुणे केंद्राच्या 792 किलोहर्ट्झवर त्यांपैकी एकही पडत नाही. तेथे व्यत्यय आल्यास प्रबळ लहरींपुढे रेडिओच निष्प्रभ ठरला असे बहुधा समजावे. आवाजाचे बटण पूर्ण उतरवूनही परका स्वर उरला, तर तो बटणाच्या पुढील भागात, बहुधा लाउडस्पीकरच्या वा विजेच्या तारेतून शिरलेला असतो. (स्वर माणसाचा आहे एवढे कळते, शब्द लागत नाहीत, एकपार्श्वपट्ट प्रक्षेपणात वाहक लहर वगळलेली असते, त्याचा हा परिणाम.) अशा वेळी एरियलला गाळणी लावणे व्यर्थ होय, ती तार फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेढे देऊन न्यावी. 7.16 मेगाहर्ट्झची तिप्पट, 21.48, मात्र लघुलहरींच्या 13 मीटर पट्ट्यात पडते. तेथे दोष प्रक्षेपकाचा, आणि गाळणीही त्यालाच बसवावी लागते.